होळीच्या साजातली पाकिटं

अक्कलकुव्याच्या बाजारात औषधाचं एक दुकान आहे, तिथं माझ्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, हसले. सुरुवात तिथूनच करतो. राग मला तिथं आला आणि अजून गेलेला नाही.

म्हातारीनं काही वाईट मागितलं नव्हतं. बाईचा निरोध मागितला होता. काउंटरवरच्या माणसानं दुसऱ्याकडं बघितलं, दुसऱ्यानं तोंड फिरवलं, आणि मग पहिला म्हणाला, "आजी, या वयात?" दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळे हसले. म्हातारी पायरी उतरली आणि जीपमध्ये येऊन बसली. आमच्या डोंगराच्या जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असतात, तिथं रडायलासुद्धा जागा नसते. घरी आली, चुलीपुढं बसली, लाकूड पुढं सरकवलं आणि तेव्हा मला सांगितलं.

मी चौथीपर्यंत शिकलो, आश्रमशाळेत. पुढं गेलो नाही, पण अक्षर माझं चांगलं आहे. घरी आम्ही आमची बोली बोलतो. हे मराठी शाळेतलं आणि कचेरीतलं. बोलणं झालं ते बोलीत झालं, लिहितो मराठीत. नावं लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक नाव धरून बसतात आणि गोष्ट सोडून देतात. आणि मला ज्यांनी ज्यांनी म्हटलं की हे लिहू नका, ते सगळे पुरुष होते, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आम्हाला एकच लेक. काठी गावाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि दोन डोंगर ओलांडून तिचं सासर. जावई गुजरातच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. महिना महिना बाहेर. कामाचा माणूस आहे, दारू बेताची, पोरांना जीव लावतो. हे मी मुद्दाम लिहितो, म्हणजे म्हातारा जावयावर खार खाऊन लिहितो असं कुणी म्हणायला नको. खार आहेच, पण ती पुढं येईल.

लेकीला सिकलसेल. आमच्या डोंगरात हा आजार घराघरात आहे. रक्त टिकत नाही, सांधे धरतात, ताप येतो, आणि दुखायला लागलं की माणूस अंगाची जुडी करून पडून राहतं. त्यात तिला तीन पोरं झाली. तिसऱ्याच्या वेळी ती आमच्या हातातून गेलीच होती. दवाखान्यात म्हातारी तिच्या पायाशी बसलेली, मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली. आतून कुणी बाहेर आलं की मी उठून उभा राहायचो आणि ते माझ्याकडं न बघता निघून जायचं. ती वाचली. तेव्हा तिथल्या सिस्टरनं म्हातारीला बाजूला घेऊन सांगितलं की आता चौथं नको. चौथं राहिलं तर ही राहणार नाही.

आता कुणी म्हणेल, मग ऑपरेशन करायचं. आम्हीही तेच म्हणालो. तर रक्त कमी. रक्त वाढलं की करू. रक्त वाढेना. गोळ्या तिला चालत नाहीत असं डॉक्टर म्हणाले. तांबी बसवायची, तर अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं, आणि तो रोग आतून साफ झाल्याशिवाय तांबी बसवता येत नाही. औषध दिलं. बरं वाटलं. जावई घरी येऊन गेला की पुन्हा तेच. पुन्हा औषध. पुन्हा बरं, पुन्हा तेच. सिस्टर म्हणाली, "हे नवऱ्याकडून येतंय. औषध दोघांनी एकदम घ्यायला पाहिजे. नाहीतर आम्ही इकडून पुसतो आणि तो तिकडून ओततो."

जावयाला सांगितलं. जावई म्हणाला, मला काही होत नाही. पुरुषाचा निरोध वापर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तो मला जमत नाही. जमत नाही म्हणजे काय, ते मी आजपर्यंत विचारतोय. ट्रक जमतो, घाटात मागं घेता येतो, आणि हे जमत नाही.

मग सिस्टरनं दुसरी गोष्ट काढली. तिच्याकडं थोडी पाकिटं होती, हमरस्त्यावरच्या बायकांमध्ये काम करणाऱ्या लोकांनी ठेवून दिलेली. बाईचा निरोध. बाईनं स्वतः आत बसवायचा, नवरा जवळ यायच्या आधी. त्यानं मूल राहत नाही आणि रोगही इकडून तिकडं जात नाही. नवऱ्यानं काही करायचं नाही. त्याला जमतं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं मला म्हातारीनं सांगितलं. लेकीनं नाही. बाप आणि लेक यांच्यात असलं बोलणं आमच्याकडं होत नाही. बरं की वाईट ते सोडा, होत नाही. लेक आत बसायची, मी ओट्यावर, आणि म्हातारी मधल्या दारात उभी राहून इकडचं तिकडं सांगायची. एक पाकीट फोडून तिनं माझ्या हातात ठेवलं. पातळ पिशवी. तेलकट, बोटातून निसटणारी. एका तोंडाला मोठं कडं, टोपलीला कड वळवतात तसं. ते बाहेर राहतं. दुसरं बारीक कडं आत, बंद टोकाला. ते चिमटीत दाबून आत सरकवायचं.

"एवढं मोठं?" मी म्हटलं.

"तू काय करणार आहेस त्याचं," म्हातारी म्हणाली. "तिला बसतं. एकदा वापरायचं आणि टाकून द्यायचं. धुऊन पुन्हा नाही."

"दुखत नाही ना?"

"पहिल्यांदा विचित्र वाटलं म्हणते. मग नाही. तीन बाळंतपणं केलेल्या बाईला तू दुखण्याचं विचारतोस."

सिस्टरची पाकिटं होती तोवर लेकीचं अंग सुधारलं. पांढरं जायचं थांबलं. चेहऱ्यावर थोडं तेज आलं. मग पाकिटं संपली. आणि वरून येईनात. सिस्टरनं विचारलं, तिला उत्तर आलं की हा माल त्या धंद्यातल्या बायकांसाठी असतो, घरच्या बायकांसाठी मागणी नाही.

मागणी नाही. माझी लेक मागत होती, तिची आई मागत होती, सिस्टर मागत होती, आणि मागणी नाही. मागणी कुणी केली म्हणजे ती मागणी होते, हे मला कुणी समजावून सांगावं. रोग काय धंदा विचारून येतो? रस्त्यावरच्या बाईला देता, चांगलं करता, तिलाही जीव आहे. पण तिच्याकडून उठून जो घरी जातो, त्याच्या घरात एक बाई बसलेली असते. तिच्यासाठी तुमच्याकडं काय आहे?

तेव्हा म्हातारी दुकानात गेली, आणि तिला हसले.

पुढच्या बाजाराला मी गेलो. धुतलेलं धोतर नेसलो, डोक्याला पांढरा फेटा बांधला. म्हातारी म्हणाली, "लग्नाला निघालास का?" मी म्हटलं, "हो."

दुकानाचे शेठ राजस्थानातल्या घराण्यातले. त्यांच्या बापापासून मी त्या दुकानात जातो, बैलांचं औषधसुद्धा तिथूनच न्यायचो. शेठ स्वतः गल्ल्यावर होते. त्यांच्या डोक्यावर पुरुषांच्या निरोधाची पाकिटं माळेसारखी टांगलेली. प्रत्येक पाकिटावर एक बाई.

"या काका. बऱ्याच दिवसांनी. काय देऊ?"

"बाईचा निरोध द्या."

शेठनं इकडंतिकडं बघितलं. "काका, हळू बोला."

"का? उसना मागतोय का?"

"तसला माल आमच्याकडं नसतो. पुरुषांचा आहे, हवा तो घ्या."

"पुरुषांचा आहे ते मला दिसतंय. डोक्यावर लोंबतोय. बाईचा पाहिजे."

मागं एक जण हसला. मी वळून त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं खोकल्याची बाटली मागितली.

शेठ गल्ल्यावरून खाली उतरले आणि माझ्या कानाशी आले. "काका, पण हवाय कुणासाठी?"

"तुम्ही तापाची गोळी देता तेव्हा विचारता का ताप कुणाला आलाय?"

"तसं नाही हो. आमचं घर धर्माचं. कांदासुद्धा खात नाही आम्ही. असल्या वस्तू…"

"शेठ, वर बघा." त्यांनी वर बघितलं. "त्या पाकिटावरच्या बाईच्या अंगावर कपडा किती आहे ते सांगा. ती तुमच्या धर्मात बसते, आणि माझ्या म्हातारीनं अंगभर लुगडं नेसून एक वस्तू मागितली तर तुमची माणसं तिला हसतात. या वयात म्हणाले तिला. माझ्या म्हाताऱ्या बायकोला."

शेठना ते माहीत नव्हतं. त्यांचं तोंड उतरलं. ज्या माणसानं म्हटलं होतं तो आतल्या फळीवर काहीतरी शोधायला लागला, आणि मी तिथं होतो तोवर त्याला ते सापडलं नाही. शेठ म्हणाले, सुरतेला विचारतो. मी म्हटलं, विचारा, मी दर बाजाराला येणार आहे आणि दर वेळी एवढ्याच आवाजात मागणार आहे.

दोन-तीन बाजार मी तसं केलं. मग एक दिवस शेठनं मला बघितल्याबरोबर खालचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खोका माझ्या पिशवीत घातला. मी तो बाहेर काढला, कागद सोडला, खोका काउंटरवर ठेवून बघितला आणि मग पिशवीत टाकला. शेठ छताकडं बघत होते.

खोका लेकीकडं गेला. आता तिनं तो ठेवायचा कुठं? आधी एकदा जावयानं एक पाकीट बघून चुलीत टाकलं होतं. रस्त्यावरच्या बाया वापरतात ते माझ्या घरात नको, म्हणाला. आमची घरं म्हणजे कुडाच्या भिंती आणि एक मोठी खोली. कणगीत हात सासू घालते, पेटीत नणंद, गोधडीत पोरं. तिनं विचार केला आणि एक जागा शोधून काढली. होळीचा साज.

हे जरा सांगावं लागेल. आमच्याकडं होळीला पुरुष देवाला मानता घेतात, म्हणजे नवस बोलतात. होळी यायच्या आधी पालनी धरतात. पालनीत बायकोला हात लावायचा नाही, तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, स्वतः रांधून खायचं, खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं. मग अंगावर राख आणि ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू बांधायचे आणि होळीपुढं नाचायचं. ज्यानं पालनी धरली त्याला गाव वाट देतं. हा सगळा साज वर्षभर एका मोठ्या पिशवीत खुंटीला टांगलेला असतो. त्याला कुणी हात लावत नाही. सासू नाही, नणंद नाही, पोरंही नाहीत.

लेकीचं डोकं चाललं म्हणायचं. वर्षभर त्याच्याइतकी सुरक्षित जागा घरात नाही. होळी जवळ आली की काढून घ्यायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. आणि होळी जवळ आली तेव्हा तिला सिकलचं दुखणं उठलं, आम्ही तिला पोरांसकट आमच्याकडं आणलं, आणि ती आमच्या घरात गोधडीत पडून तापात बडबडत होती तेव्हा तिकडं जावयानं भावकीसमोर पिशवी खाली काढली. टोप निघाला, दुधी निघाले, घुंगरू निघाले, आणि घुंगरांमागून पाकिटं निघाली.

पालनी मोडली. त्या वर्षी जावई नाचला नाही. मानता अर्धी राहिली. होळीपुढं सगळे नाचत असताना तो घरी बसला, आणि बसलेल्या माणसाला आठवायला भरपूर वेळ असतो. होळी झाल्यावर त्यांच्याकडून निरोप आला: पंच बसणार आहेत, लेकीला घेऊन या.

लेक तोवर उठून बसायला लागली होती. मी म्हातारीला म्हटलं, तिला विचार, जायचं का. म्हातारी आत गेली, बाहेर आली. "जायचं म्हणते. आणि एक पाकीट बरोबर घ्यायचं म्हणते. खोक्यातलं एक तिच्याजवळ आहे."

त्यांच्या गावात महूच्या झाडाखाली पंच बसले. कारभारी, चार म्हातारे, जावई, त्याचा बाप. समोर साजाची पिशवी ठेवलेली, जसा काही त्यात साप आहे. बायका लांब कुंपणाला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यात माझी म्हातारी आणि लेक.

कारभारी माझ्याच वयाचा. एकेकाळी आम्ही एकत्र नाचलेले. तो म्हणाला, "दादा, साजात नको ती वस्तू निघाली. पोराचं वर्ष वाया गेलं. तू बोल."

"कसली वस्तू?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते विचारतो."

जावयाचा बाप, माझा याही म्हणजे व्याही, म्हणाला, "रस्त्यावरच्या बायका वापरतात ती."

"तुला कसं माहीत, याही?"

कुंपणाकडून बायका हसल्या. याही खाली बघून जमिनीवर काडी ओढायला लागला.

मी पाकीट काढलं, फोडलं आणि कारभाऱ्यापुढं धरलं. त्यानं हात मागं घेतला. पुढच्या म्हाताऱ्यापुढं धरलं, त्यानंही. पाकिटातलं तेल माझ्या कोपरापर्यंत आलं तरी एकानं ते घेतलं नाही. म्हणून मीच सांगितलं. बाईनं स्वतः लावायचं. हे लावलं की मूल राहत नाही, आणि माझ्या लेकीला चौथं राहिलं तर ती मरेल, हे दवाखान्यानं सांगितलंय. हे लावलं की नवऱ्याच्या अंगातला रोग तिच्या अंगात जात नाही, आणि तो रोग तिला कितीदा झाला ते तिच्या सासूला विचारा, धुणं ती बघते.

जावई उठला. "माझ्या अंगात रोग नाही."

"तपासलंस?"

"मला काही होत नाही, मामा. होत असतं तर मला कळलं नसतं का?"

"सिस्टर म्हणाली, पुरुषाला कधी कधी कळतच नाही. तुला होत नाही, तिला होतं. म्हणून तर तुला पर्वा नाही."

"मी तिला कधी मारलं का? उपाशी ठेवलं का?"

"नाही. ते मी कुठंही सांगेन. आता तू मला सांग. पालनीत तू बायकोला हात लावत नाहीस. का?"

"देवाचं असतं ते."

"बायको काही म्हणते का?"

"ती काय म्हणणार?"

"म्हणत नाही. गावही म्हणत नाही. उलट तुला वाकून जागा देतं. तू तिच्यापासून लांब राहिलास तर देव पावतो. तुझ्या पालनीसाठी ती मुकाट्यानं बाजूला झोपते. आणि ती लांबसुद्धा जात नाही, जिवंत राहावं म्हणून मधे एक पातळ पिशवी ठेवते, तर पंच बसवता? माझी लेक मेली असती तर तिच्या मातीला तुम्ही सगळे आला असता, रडला असता. ती मरू नये म्हणून काही करते, तर ती रस्त्यावरची?"

कारभाऱ्यानं हात वर केला. "दादा, रोगाचं आम्हाला कळत नाही. ते डॉक्टरचं. आमच्यापुढं आहे ते साजाचं. साज बाटला. त्याचा दंड बकरा."

"साज कुणाचा आहे?" मी विचारलं.

त्याला माहीत होतं. तो साज माझा. ते दुधी माझ्या बापानं निवडून वाळवले, टोपाची पिसं मी पावसाळ्यानंतर रानात फिरून वेचलेली. त्या साजात मी इतकी वर्षं नाचलो की घुंगरांची दोरी माझ्या घामानं काळी झाली. मला मुलगा नाही, म्हणून लग्नानंतर जावयाला दिला.

"माझा आहे," मी म्हटलं. "बाटला की नाही ते मी सांगणार. नाही बाटला. पण ज्याला घरच्या बाईचं अंग राखता येत नाही, त्याच्या कमरेला माझ्या बापाचे दुधी नकोत." मी उठलो आणि पिशवी खांद्याला मारली. आत घुंगरू वाजले. मानता घेतलेल्या माणसाच्या समोरून साज उचलून नेणं ही लहान गोष्ट नाही. मला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी ते केलं.

तेवढ्यात कुंपणाकडून लेक उठली. अंगात ताकद नव्हती, म्हातारीच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"बा, तू बस आता," ती म्हणाली.

मी बसलो. पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

"साजात ठेवलं ते माझं चुकलं," ती कारभाऱ्याला म्हणाली. "घरात दुसरी जागा नव्हती, तरी चुकलं. बकरा माझा आहे, मी वाढवलेला, तो देते. पण पुढचं ऐका. औषध दोघांनी एकदम घ्यायचं, तो माझ्याबरोबर दवाखान्यात येईल. आणि पाकीट मी वापरणार. लपवून नाही, त्याला सांगून. त्याला हे नको असेल तर सोपं आहे. त्याला पालनी पाळता येते." ती श्वास घ्यायला थांबली. "बारा महिने पाळू दे."

बायका इतक्या हसल्या की झाडावरचे पोपट उठले. एक म्हातारी सासूला म्हणाली, "तुझ्या सुनेलाच नाचायला उभी कर गं होळीला." कारभाऱ्यानं तोंडावर फेट्याचं टोक धरलं होतं. जावई हसला नाही, पण बसला.

आणि पंचांचा निकाल काय झाला? बकरा घ्यायचा. बाकीचं नवरा-बायकोचं, पंचांचं नाही. बकरा पंचांचा, रोग पंचांचा नाही. साजावरून अख्खं गाव गोळा झालं आणि बाईच्या अंगाची गोष्ट निघाली की सगळ्यांना आपापली शेतं आठवली. त्या दिवशी बकरा कापला. मी खाल्ला नाही. ते सगळे खात होते तेव्हा कुणाला हळू बोला म्हणावंसं वाटलं नाही.

लेक आमच्याकडं परत आली. पावसाळा गेला, तुरी काढल्या. जावई मधे मधे यायचा, पोरांना खाऊ आणायचा, ओट्यावर बसायचा. मी त्याला पाणी द्यायचो, साजाबद्दल बोलायचो नाही. साज आमच्या खुंटीला होता, बसलं की समोर दिसायचा. एक दिवस तो सकाळीच ट्रक खाली रस्त्याला लावून वर चढून आला आणि लेकीला म्हणाला, "चल, दवाखान्यात." त्याला कुणी सांगितलं, त्याच्या आईनं की त्याच्या मनानं, मी विचारलं नाही. दोघं गेली. तपासलं. त्याच्यात रोग निघाला. सिस्टरनं दोघांना समोरासमोर बसवून औषध दिलं, असं म्हातारीनं मला मधल्या दारातून सांगितलं.

लेक सासरी गेली. अंग आता बरं आहे. रक्ताचं अजून तसंच, ऑपरेशन अजून पुढंच. म्हणून पाकिटं लागतात.

शेठ खोका मागवतात, पण अजून खालच्या खणात ठेवतात. मी म्हणतो, काचेत ठेवा, वर टांगा, पुरुषांच्या शेजारी. ते म्हणतात, काका, बाकीच्या बायका दुकानात यायच्या बंद होतील. मी म्हणतो, शेठ, माझ्या गावातल्या चार जणी यायला तयार बसल्यात, पण खालच्या खणातून कागदात गुंडाळून घ्यायची त्यांना लाज वाटते. तुम्ही लपवून विकता, म्हणून ती चोरी दिसते. ते छताकडं बघतात. सरकारी दवाखान्यात विचारलं की अजून तेच ऐकतो, मागणी नाही. मी सिस्टरला म्हटलं, माझा अंगठा घ्या, माझी सही घ्या, मागणी म्हणून मलाच वर पाठवा. ती हसली, पण तिच्या हातात काही नाही हे मला दिसतं.

या होळीच्या आधी जावई साज मागायला आला. ओट्यावर उभा राहिला, बसला नाही.

"मामा, साज द्या. पालनी धरायची आहे."

"धर," मी म्हटलं. खुंटीवरची पिशवी काढली, त्याच्यासमोर सोडली, एकेक वस्तू झटकली. टोप, दुधी, घुंगरू. आत दुसरं काही नव्हतं. त्यालाही दिसलं.

"पाकिटं कुठं ठेवते आता ती?" मी विचारलं. लेकीच्या बापानं विचारायचं नसतं. विचारलं.

तो जरा घुटमळला. "साजाची खुंटी रिकामी होती ना वर्षभर," तो म्हणाला. "तिथंच टांगलीत. दारातून आल्याबरोबर दिसतात." मग पिशवीकडं बघत म्हणाला, "आता साज टांगायला मला दुसरी खुंटी ठोकावी लागणार."

"ठोक," मी म्हटलं, आणि पिशवी त्याच्या खांद्याला दिली.